कल्याणचा बिशप आणि डांबर लावलेले रांजण

कोकण किनाऱ्याचा इतिहास सांगताना आपण बहुतेक वेळा सातवाहनांपासून सुरुवात करतो. नाणेघाट, सोपारा, कान्हेरी, रोमन सोन्याची नाणी. मग शिलाहार येतात, आणि तिथून एकदम उडी मारून पोर्तुगीज. मधला जो काळ आहे, साधारण इ.स. ५०० ते ११००, तो राजघराण्यांच्या बाबतीत बरा माहीत आहे, पण बंदरांच्या बाबतीत धूसर. रोमन व्यापार आटला, बंदरे ओस पडली, असे एक सरधोपट वाक्य पाठ्यपुस्तकांत फार दिवस चालले. ते वाक्य आता टिकत नाही. का टिकत नाही, हे मी आज एका लहानशा प्रश्नाच्या निमित्ताने सांगणार आहे.

प्रश्न असा. सहाव्या शतकात कल्याणला एक ख्रिस्ती बिशप राहत होता का? आणि राहत असेल, तर त्याची एकही खूण जमिनीत का मिळत नाही?

आता कल्याण म्हटले की आपल्याला जंक्शन आठवते, फलाट आठवतात. पण ते उल्हास नदीच्या खाडीवरचे जुने बंदर आहे. घाटावरचा माल जुन्नरहून नाणेघाट उतरून इथे येई. पहिल्या शतकातल्या एका ग्रीक नाविकाच्या टिपणात त्याचे नाव आहे, कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याणचे दाते आहेत. तेव्हा गाव जुने आहे याबद्दल वाद नाही. वाद बिशपचा आहे.

हा बिशप आपल्याला भेटतो एका विक्षिप्त पुस्तकात. साधारण इ.स. ५५० च्या सुमारास अलेक्झांड्रियाच्या एका माणसाने ते ग्रीकमध्ये लिहिले. त्याला आपण कॉसमस म्हणतो, ‘इंडिकोप्लूस्तेस’, म्हणजे हिंदुस्थानची सफर करणारा. हा आधी व्यापारी होता, पुढे साधू झाला. आणि पुस्तक कशासाठी लिहिले? तर पृथ्वी गोल नाही, ती सपाट आहे आणि विश्व एखाद्या झाकणाच्या पेटीसारखे आहे, हे सिद्ध करण्यासाठी! म्हणजे मुख्य प्रतिपादन पार चुकीचे. पण मिरी कुठून निघते, घोडे कुठून येतात, रेशीम कोणाच्या हातातून जाते, असे विषय आले की हाच माणूस एकदम भरवशाचा होतो. व्यापाऱ्याची नजर काही गेलेली नाही. मला तर वाटते की ज्या लेखकाला आपल्याला फसवण्यात काही फायदा नाही, त्याच्या जाता जाता टाकलेल्या वाक्यांवर जास्त विश्वास ठेवावा.

तर हा कॉसमस म्हणतो की तप्रोबाने बेटावर, म्हणजे श्रीलंकेत, ख्रिस्ती लोकांचे एक चर्च आहे, तिथे धर्मगुरू आहेत. मिरी पिकते त्या ‘मले’ देशात, म्हणजे मलबारात, चर्च आहे. आणि ‘कल्लियाना’ नावाच्या ठिकाणी बिशप आहे, त्याची नेमणूक पर्शियातून होते. पुढे दुसऱ्या एका भागात तो बंदरांची यादी देतो. सिंधू, ओर्रोथा, कल्लियाना, सिबोर, आणि मग मलेची पाच बंदरे. ओर्रोथा म्हणजे सौराष्ट्राकडचे, सिबोर म्हणजे बहुधा आपले चौल. या दोघांच्या मध्ये कल्लियाना येते. काही अभ्यासकांनी हे कोल्लम असावे किंवा उडुपीजवळचे कल्याणपूर असावे असे सुचवले आहे. पण यादी उत्तरेकडून दक्षिणेकडे सरळ चालली आहे. मध्येच उडी मारून मलबारात जायचे आणि पुन्हा चौलला यायचे, याला काही कारण दिसत नाही. शिवाय कल्लियानाहून काय निघते, तर तांबे, कापड आणि ‘सेसामी’ लाकूड. हे सेसामी म्हणजे शिसवी. मी तरी हे कल्याणच मानतो. अर्थात कॉसमस स्वतः कल्याणला आला होता का, हे वेगळे. बरेच जण म्हणतात तो लाल समुद्राच्या तोंडापलीकडे फार गेला नसावा, हे सगळे त्याने दुसऱ्या व्यापाऱ्यांकडून ऐकले. असेलही. बंदरातली ऐकीव माहिती म्हणून तरी ती धरावीच लागते.

या वाक्यातला खरा महत्त्वाचा शब्द ‘बिशप’ नाही. तो आहे ‘पर्शियातून’.

त्या काळात इराणवर सासानी घराण्याचे राज्य होते आणि राजधर्म जरथुश्त्री होता. पण त्या राज्यात ख्रिस्ती लोकही मोठ्या संख्येने होते, आणि त्यांचे स्वतःचे, रोमपासून आणि कॉन्स्टँटिनोपलपासून वेगळे चर्च होते. बाहेरचे लोक त्याला ‘नेस्टोरियन’ म्हणत. त्यांना स्वतःला हे नाव आवडत नसे, आपण ‘पूर्वेचे चर्च’ म्हणू. त्यांची धर्मभाषा सिरियाक, मुख्य धर्माधिकारी टायग्रिसकाठच्या टेसिफोनला. इराणच्या आखाताच्या दोन्ही किनाऱ्यांवर, म्हणजे फार्समध्ये आणि समोरच्या अरबी बाजूला कतर, बहारीन, ओमानमध्ये त्यांचे बिशप होते. आणि हिंदुस्थानातल्या ख्रिस्ती लोकांचा कारभार फार्सच्या मेट्रोपॉलिटनकडे होता, रेव अर्दशीर नावाच्या गावी.

आता गंमत बघा. याच काळात हिंदी महासागराच्या पश्चिम भागावर इराणी व्यापाऱ्यांची पकड होती. बायझंटाईन इतिहासकार प्रोकोपियस तक्रार करतो की इथिओपियाच्या लोकांनी हिंदुस्थानातून रेशीम विकत आणावे म्हटले, तर ते जमत नाही, कारण इराणी व्यापारी आधीच बंदरात येऊन बसलेले असतात आणि सगळा माल उचलतात. कॉसमसचीही एक गोष्ट आहे. श्रीलंकेच्या राजापुढे एक रोमन व्यापारी आणि एक इराणी उभे आहेत. राजा विचारतो, तुमच्यापैकी कोणाचा राजा मोठा? इराणी माणूस बढाया मारतो. रोमन, त्याचे नाव सोपात्रोस, तो म्हणतो, महाराज, दोन्ही राजे इथेच आहेत, नाणी काढून बघा. रोमन नाणे सोन्याचे निघते, इराणी चांदीचे. सोपात्रोसची हत्तीवरून मिरवणूक. गोष्ट छान आहे, पण ती सांगायची गरज का पडली हे लक्षात घ्या. बंदरात इराण्यांचा वरचष्मा होता म्हणूनच ती सांगितली गेली.

म्हणजे कल्याणचा बिशप हा कोणी एकांडा मिशनरी नव्हे. जी गलबते घोडे आणि दारू घेऊन यायची आणि शिसवी, कापड घेऊन जायची, त्यांच्यावरच तो आला असणार. त्याच्या कळपात बहुधा इराणी व्यापारी, त्यांचे कारकून, त्यांच्या घरची माणसे, आणि काही स्थानिक. हे सगळे कागदावर पटते. आता जमिनीकडे वळू.

आखातात जमिनीने भरपूर दिले आहे. १९९२ साली अबू धाबीच्या सर बनी यास बेटावर सर्वेक्षण करताना पुरातत्त्वज्ञांना खापरे आणि भिंतींचे अवशेष दिसले. पुढच्या वर्षांत उत्खनन झाले तेव्हा कळले की हा ख्रिस्ती मठ आहे. मध्ये चर्च, भोवती साधूंच्या खोल्या. भिंती समुद्रातल्या दगडाच्या, त्यावर चुन्याचा गिलावा, आणि त्या गिलाव्यात वेलबुट्टी आणि क्रूस. कुवेतच्या फैलका बेटावर अल्-कुसूर इथे फ्रेंच पथकाला १९८९ मध्ये असेच चर्च मिळाले होते. इराणच्या बाजूला खार्ग बेटावरचा मठ त्याआधीच, १९५९-६० च्या सुमारास, गिर्शमन यांनी खणला होता. आणि अगदी अलीकडे, २०२२ मध्ये, उम्म अल्-क्वैनच्या सिनिया बेटावर आणखी एक मठ जाहीर झाला. त्याला लागून मोती काढणाऱ्यांचे गावच होते. म्हणजे साधू आणि पाणबुडे शेजारी शेजारी.

हे शेजारपण कागदातही दिसते बरं का. सहाव्या शतकाच्या शेवटी मुख्य धर्माधिकारी पहिला ईशोयाब याला बहारीनच्या बाजूच्या एका बेटावरच्या बिशपने काही प्रश्न विचारले होते, त्यांत मोती काढणाऱ्यांनी रविवारी काम करावे का, हा एक होता. मला हा प्रश्न फार आवडतो. धर्मशास्त्राचे मोठमोठे वाद एकीकडे, आणि दुसरीकडे मोत्यांचा हंगाम, जो कॅलेंडर बघून थांबत नाही.

इथे एक महत्त्वाची उलथापालथ झाली. तिच्यावर मी थोडा वेळ घालवणार आहे, कारण आपल्या कल्याणच्या प्रश्नाला तिचा थेट उपयोग आहे.

हे मठ सापडले तेव्हा सगळ्यांनी ते इस्लामपूर्व ठरवले. पाचवे-सहावे शतक, फार तर सातव्याची सुरुवात. का? कारण ‘इस्लाम आल्यावर आखातात कोण मठ बांधेल?’ हे गृहीत. तसा पुरावाही हाताशी होता. सातव्या शतकाच्या मध्यावर तिसरा ईशोयाब नावाचा मुख्य धर्माधिकारी होता, ६४९ ते ६५९. त्याची पत्रे उपलब्ध आहेत. तो फार्सच्या मेट्रोपॉलिटनला, सिमॉनला, झापतो. म्हणतो, ओमानचे लोक धर्म सोडून गेले, आणि तेही कोणी तलवार दाखवली म्हणून नाही. अरबांनी त्यांना फक्त अर्धी मालमत्ता मागितली, आणि ती वाचवण्यासाठी यांनी धर्म दिला! उलट अरब तर आमच्या धर्मगुरूंना मान देतात, मठांना मदत करतात, असेही तो लिहितो. आणि पुढे म्हणतो की तुझ्या हट्टामुळे हिंदुस्थानलाही बिशप मिळेनासे झाले आहेत. हिंदुस्थान म्हणजे केवढा? तर सासानी राज्याच्या सागरी सीमेपासून कलह नावाच्या देशापर्यंत, बाराशे परसंग. कलह म्हणजे बहुधा मलाया द्वीपकल्पाकडचे बंदर. म्हणजे फार्सच्या एका बिशपच्या हाताखाली, निदान कागदोपत्री, आपला सगळा किनारा धरून पार मलायापर्यंतचा टापू!

ही पत्रे वाचली की वाटते, संपले सगळे. आखातातले ख्रिस्ती इ.स. ६५० ला बुडाले.

आणि मग खापरे बोलायला लागली. २००८ मध्ये रॉबर्ट कार्टर यांनी सर बनी यास, अल्-कुसूर वगैरे ठिकाणची मातीची भांडी नव्याने तपासली आणि दाखवले की त्यांतले बरेच प्रकार सातव्या शतकाच्या उत्तरार्धातले आणि आठव्या शतकातले आहेत. म्हणजे ज्या काळात सगळे बुडाले म्हणून पत्रात रडारड चालली आहे, त्याच्या नंतर हे मठ भरात होते. आता सिनियाची कार्बन कालमापने ५३४ ते ६५६ अशी आली आहेत. तेव्हा सगळेच मठ उशिराचे, असेही नाही. पण इस्लाम आला आणि मठ बंद झाले, हे समीकरण गेले ते गेलेच. सर बनी यास इथे जाळपोळीच्या, हल्ल्याच्या खुणा नाहीत. लोक सावकाश निघून गेलेले दिसतात.

मग ईशोयाब खोटे बोलत होता का? नाही. तो भांडत होता. हाताखालचा मेट्रोपॉलिटन ऐकत नाही, स्वतंत्र होऊ बघतो, त्याला लिहिलेले ते खरमरीत पत्र आहे. प्रशासकीय भांडणातले पत्र हे जनगणना म्हणून वाचायचे नसते. आणि खरे तर ६७६ साली त्याच्याच नंतरच्या धर्माधिकाऱ्याने, गिवर्गिसने, आखातात दारीन बेटावर धर्मसभा भरवली आणि भांडण मिटवले. मेलेल्या समाजात कोणी धर्मसभा भरवत नाही.

तर आखातात मजकूर आणि माती एकमेकांना दुरुस्त करतात. कल्याणला आपल्याकडे मजकूर आहे, माती गप्प आहे. की खरेच गप्प आहे?

इथे रांजण येतात. आखातात आणि दक्षिण इराकमध्ये सासानी आणि आरंभीच्या इस्लामी काळात एक विशिष्ट रांजण बनत असे. लांबोडका, कान नसलेला, खाली निमुळता. आतून काळे खनिज डांबर फासलेले, गळू नये म्हणून. आकारावरून अभ्यासक त्याला टॉर्पेडो जार म्हणतात. यात दारू यायची, खजुराची काकवी, तेलही येत असावे. आपल्याकडे पश्चिम किनाऱ्यावर याची खापरे कितीतरी ठिकाणी मिळाली होती, पण ओळख चुकली होती. डांबर लागलेले परदेशी खापर दिसले की ‘रोमन अँफोरा’ अशी नोंद व्हायची. कारण आपल्याला रोम हवा होता! घारापुरीच्या किनाऱ्यावर ढिगाने खापरे, ती रोमन. २००० नंतरच्या दशकात रोबर्टा टॉम्बर यांनी भारतातल्या संग्रहांमधली ही खापरे हातात घेऊन पुन्हा पाहिली, तेव्हा त्यांतली बरीच इराणी आखाताची निघाली. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनीही यावर चांगले काम केले आहे. घारापुरी, चौल, आणि संजाण. संजाणला २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झाले, तिथे तर हे रांजण आणि त्यांच्या जोडीला निळसर-हिरव्या झिलईची इराकी भांडी भरपूर मिळाली.

या एका दुरुस्तीने काय झाले ते पाहा. तीच खापरे, तीच पेटी, पण तारीख चार-पाचशे वर्षांनी पुढे आली. ‘रोमन व्यापार आटला आणि बंदरे ओस पडली’ या वाक्याच्या पायाखालची माती सरकली. घारापुरीच्या लेण्यांत ती प्रचंड सदाशिवाची मूर्ती कोरली जात होती, साधारण सहाव्या शतकात, त्या काळात आणि त्यानंतरही तिथल्या धक्क्याला इराणचे रांजण उतरत होते.

डांबराचा फायदा असा की त्याची रासायनिक ओळख पटवता येते. अनुराधपुरला मिळालेल्या आणि थायलंडमध्ये मिळालेल्या रांजणांचे डांबर तपासले, तर ते नैऋत्य इराणकडचे निघाले. थायलंडचे ते प्रकरण मोठे मजेशीर आहे. २०१३ मध्ये कोळंबीच्या शेतीसाठी खणताना चिखलात एक गलबत सापडले, दोराने शिवलेले, आठव्या शतकातले. आपल्याकडे अरबी समुद्रात जशी शिवलेली गलबते असत तसे. त्यात टॉर्पेडो रांजण होते, आणि एकावर पहलवी लिपीत एक इराणी नाव.

आता मुद्द्याची अडचण. ते नाव कोणाचे? जरथुश्त्री माणसाचे की ख्रिस्ती माणसाचे? पहलवी लिपी दोघेही वापरत. दारू दोघेही पीत. ख्रिस्ती उपासनेला द्राक्षाची दारू लागते हे खरे, आणि काही लोक म्हणूनच रांजण दिसला की चर्च शोधायला लागतात. हे मला मान्य नाही. रांजणाला धर्म नसतो. कान्हेरीच्या एका लेण्यात पहलवी लेख आहेत, १००९ आणि १०२१ सालचे. आलेल्या पाहुण्यांनी आपली नावे कोरून ठेवली आहेत. ती माणसे जरथुश्त्री आहेत, आणि उभी आहेत बौद्ध लेण्यात. तेव्हा ‘पहलवी म्हणजे ख्रिस्ती’ हे समीकरण कोकणात तर मुळीच चालत नाही.

केरळात चालते, कारण तिथे क्रूस आहेत. कोट्टायमच्या जुन्या चर्चमध्ये, कडमट्टम, मुट्टुचिरा इथे, आणि चेन्नईच्या सेंट थॉमस माउंटवर दगडी क्रूस आहेत, त्यांच्या कडेने कमानीसारखा पहलवी लेख फिरतो. चेन्नईचा पोर्तुगीजांना १५४७ मध्ये मिळाला. लेख सगळ्यांवर जवळजवळ एकच. प्रभूने अमुक एका माणसावर दया करावी, अशी प्रार्थना. माणसाचे आणि त्याच्या वडिलांचे नाव इराणी-सिरियाक वळणाचे. असाच एक क्रूस २००१ मध्ये गोव्यात आगशीला, जुवारीच्या काठी मिळाला. तो आता पिलारच्या संग्रहालयात आहे. गोव्याच्या क्रुसाने बरीच खळबळ उडाली. पोर्तुगीजांच्या आधी गोव्यात ख्रिस्ती होते याचा पुरावा, असे सांगितले गेले. होऊ शकते. पण दगड जिथे सापडला तिथेच तो कोरला आणि उभा केला गेला, असे धरता येत नाही. तो उत्खननाच्या थरातून आलेला नाही. पोर्तुगीजांच्या काळात मलबार आणि गोव्यात माणसे, मूर्ती, दगड यांची सतत ये-जा होती.

आणि केरळात सगळ्यांत भक्कम पुरावा आहे तो तांब्याचा. कोल्लमचा ताम्रपट, इ.स. ८४९. चेर राजा स्थाणू रवीच्या कारकिर्दीत वेणाडच्या अय्यन अडिगळने तो दिला, कोल्लमच्या ‘तरीसापळ्ळी’ला, म्हणजे मार सापीर ईशो नावाच्या माणसाने बांधलेल्या चर्चला. याच सापीर ईशोने ती व्यापारी पेठ वसवली असेही त्यात आहे. चर्चला काय दिले? जमीन, आणि माणसे. माडावर चढणारी कुटुंबे, शेतकरी, सुतार, परीट. माणसे दान दिली, हे आज वाचताना खटकते आणि खटकायलाच पाहिजे. सहिष्णुतेचा दाखला म्हणून हा पट मिरवणारे लोक ही ओळ पटकन वाचून पुढे जातात. मग कर माफ केले, त्यात शिडीवरचाही कर आहे. बाजारातली वजने-मापे आणि जकात यांच्यावर अधिकार दिला. म्हणजे चर्चच्या हातात तराजू आला. हे फक्त धर्मदान नाही, हा बंदर चालवण्याचा ठेका आहे.

शेवटी साक्षीदार. अकरा अरबी कूफी लिपीत, दहा पहलवीत, चार हिब्रू लिपीत लिहिलेल्या फारसीत. मुसलमान, जरथुश्त्री, ख्रिस्ती, यहुदी. प्रत्येक जण लिहितो, मी याला साक्षी आहे. आणि या व्यवस्थेचे राखणदार म्हणून दोन व्यापारी संघटना नेमल्या आहेत, मणिग्रामम् आणि अंजुवण्णम्.

हा अंजुवण्णम् शब्द धरून ठेवा. तो फारसी ‘अंजुमन’वरून आला असे आता बहुतेक मानतात. परदेशी व्यापाऱ्यांची संघटना. आणि हाच शब्द कोकणात सापडतो! पालघर जिल्ह्यात चिंचणीला ताम्रपट मिळाले. त्यांतला एक शके ८४८ चा, म्हणजे इ.स. ९२६. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र, आणि संजाणचा कारभारी कोण? तर मधुमती सुगतिप नावाचा ताजिक, म्हणजे अरब. मधुमती म्हणजे मुहम्मदचे संस्कृत रूप. हा मुहम्मद संजाणच्या देवीच्या मठाला दान देण्याची व्यवस्था करतो. पुढचा एक पट १०३४ सालचा, शिलाहारांच्या मांडलिकाचा, त्याच मठाला तेलाचा घाणा दिल्याचा. त्यात ‘हंजमान’ हा गट येतो, आणि अल्लिय, महर, मधुमत अशी व्यापाऱ्यांची नावे. अल्लिय हा अली असावा. हंजमान म्हणजे अंजुमन. इतरही शिलाहार पटांत हा हंजमान, नगरातल्या इतर प्रतिष्ठितांच्या बरोबरीने, उल्लेखला जातो.

आतापर्यंत या हंजमानचा अर्थ बरेच जण ‘पारशी’ असा करत आले. संजाण आहे, तेव्हा ते साहजिक आहे. संजाणला दोखमाही निघाला आहे. पण कोल्लमचा पट शेजारी ठेवला की वाटते, इतका सरळ अर्थ नको. कोल्लमच्या अंजुवण्णम्‌मध्ये एकाच धर्माचे लोक असतील असे त्या साक्षीदारांवरून वाटत नाही. कोकणचा हंजमान हाही समुद्रापलीकडून आलेल्या व्यापाऱ्यांचा मिश्र गट असू शकतो. आणि असेल, तर आपल्या कल्याणच्या बिशपचे वारस त्यातच कुठेतरी असणार. वेगळे ‘ख्रिस्ती’ म्हणून नोंदलेले नाहीत, कारण राजाच्या लेखनिकाला त्याची गरज नव्हती. त्याला कर देणारा गट कळला की पुरे.

वारस होते, याला एक उशिराचा पण चांगला पुरावा आहे. १३२१ साली ठाण्यात चार फ्रान्सिस्कन साधू मारले गेले. त्यांच्याबरोबरचा जॉर्डनस त्या वेळी किनाऱ्यावर वरच्या बाजूला गेला होता म्हणून वाचला. नंतर ओदोरिक नावाचा साधू ठाण्याला आला, त्याने त्यांच्या अस्थी गोळा करून चीनपर्यंत नेल्या. हा ओदोरिक लिहितो की ठाण्यात नेस्टोरियन ख्रिस्ती लोकांची पंधरा घरे आहेत, आणि ते साधू त्यांतल्याच एका घरी उतरले होते. पंधरा घरे! कल्याणपासून खाडीने दोन-तीन तासांच्या अंतरावर, कॉसमसनंतर जवळजवळ पावणेआठशे वर्षांनी.

पंधरा घरे जमिनीत कशी ओळखणार तुम्ही? हेच माझे उत्तर आहे पहिल्या प्रश्नाला. आखातात पाऊस नाही, बांधकाम दगडाचे, बेट ओस पडले, वाळूने सगळे झाकून ठेवले. कल्याण, ठाणे ही गावे एक दिवसही ओस पडली नाहीत. कोकणचा पाऊस, लाकडी घरे, वर घर, त्यावर वाडा, त्यावर आता बारा मजले. केरळातसुद्धा कोल्लमच्या त्या तरीसापळ्ळीचा पाया कोणी दाखवू शकलेले नाही. ताम्रपट नसता तर तिथेही आपण ‘पुरावा नाही’ म्हणालो असतो. प्रार्थना घरातल्या ओटीवर होत असेल, क्रूस लाकडाचा असेल, तर राहणार काय? डांबराचे खापर राहणार.

थांबतो इथे. वेळ आहे, एक-दोन प्रश्न घेऊ.

[श्रोत्यांतून प्रश्न: म्हणजे वसईच्या ख्रिस्ती समाजाची मुळे पोर्तुगीजांच्या आधीची आहेत असे म्हणता येईल का?]

हा प्रश्न येणार हे माहीत होते. बघा, १३२१ ला ठाण्यात पंधरा घरे आहेत. वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ च्या तहाने. मधली दोनशे वर्षे ती पंधरा घरे कुठे गेली, हे सांगणारा धागा माझ्या हातात नाही. तेव्हा आजच्या एखाद्या घराण्यापासून कॉसमसच्या बिशपपर्यंत रेघ ओढता येत नाही. पण कोणी उलट बाजूने म्हणाले, की कोकणात ख्रिस्ती धर्म पोर्तुगीजांच्या तोफांबरोबरच आला, त्याआधी नव्हताच, तर तेही चूक आहे. तो त्याच्या हजार वर्षे आधी आला होता, इराणी गलबतांवरून, कल्याणच्या शिसवी लाकडाच्या व्यापारात, कोणाच्याही सैन्याशिवाय. या दोन विधानांपैकी एकच ऐकायला लोकांना आवडते. दोन्ही एकत्र सांगितली की दोन्हीकडचे नाराज होतात, असा अनुभव आहे.

[आणखी एक प्रश्न: कल्याणला उत्खनन केले तर काही मिळेल का?]

मोठे उत्खनन आता शक्य नाही, जागाच नाही. पण गटारे खणली जातात, इमारतींचे पाये खणले जातात, खाडीकाठी गाळ उपसला जातो. त्या मातीतून जाडसर, कान नसलेल्या भांड्याचा तुकडा निघाला आणि आतल्या बाजूला काळे, चकचकीत, कोळशासारखे काही चिकटलेले असले, तर तो फेकू नका. फोटो काढा, नेमका कुठे, किती खोलीवर मिळाला ते लिहून ठेवा, आणि तो धुऊ नका. डांबर धुतले की नमुना खराब होतो.